अर्ध्या गुणाची सोबत : अँटवर्पमधला जिम्नॅस्टिक्सचा आठवडा

जिम्नॅस्टिक्सची जागतिक स्पर्धा घरबसल्या बघायची म्हणजे मध्यरात्री फोनच्या पडद्यावर आकडे सरकताना बघायचे. कोणाचा डी-स्कोअर (अवघडपणाचे गुण) किती, ई-स्कोअर (सफाईचे गुण) किती, कोण बीमवरून पडलं, कोणाला ऐनवेळी बसवलं. मी लहान मुलांना जिम्नॅस्टिक्स शिकवते, त्यामुळे हे व्यसन कामाच्या नावाखाली खपून जातं. २०२३ची स्पर्धा अँटवर्पला आहे असं वाचलं आणि जायचंच ठरवलं. दादा-वहिनी आइंडहोवनला असतात, तिथून अँटवर्प गाडीने तासाभराचा रस्ता. वहिनीला जिम्नॅस्टिक्समधलं ओ की ठो कळत नाही. पण ती पक्षी बघणारी आहे. एका फांदीकडे तासभर न बोलता बघत बसायची तिला सवय, आणि गळ्यात उत्तम दुर्बीण. व्हिसा, तिकिटं, हॉटेल सगळं सुरळीत पार पडलं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

शनिवार, ३० सप्टेंबर

दादाने संध्याकाळी अँटवर्प सेंट्रल स्टेशनसमोर सोडलं आणि तो परत गेला. स्टेशनचा घुमट बघून वहिनी म्हणाली, "अगं, हे स्टेशन आहे की देऊळ?" १९०५ची इमारत. दगडी जिने, सोनेरी घड्याळ, आणि फलाट एकाखाली एक मजल्यांवर. शेजारीच प्राणिसंग्रहालय, आणि दुसऱ्या बाजूला पाच मिनिटांवर हिऱ्यांचा बाजार. त्या गल्ल्यांमध्ये गुजराती पाट्या दिसतात, गुजराती बोलणारे काका दिसतात, आणि शाकाहारी थाळीही मिळते. आम्ही जिथे जेवलो तिथल्या मालकांनी कशाला आलात विचारलं. जिम्नॅस्टिक्स म्हटल्यावर म्हणाले, "असं होय! मला वाटलं हिऱ्यांचं काही असेल. हल्ली गल्लीत उंचीने लहान आणि खांद्याने रुंद माणसं फार दिसतायत, तेव्हाच शंका आली होती."

या शहराचं आणि या खेळाचं नातं जुनं. पुढे ज्यांना पहिली जागतिक स्पर्धा म्हणून मान मिळाला ते सामने १९०३ साली इथेच झाले. १९२०चं ऑलिंपिक इथे झालं. २०१३ची जागतिक स्पर्धाही इथलीच, याच स्पोर्टपालाइस सभागृहात. त्या वर्षी सोळा वर्षांची एक अमेरिकन मुलगी पहिल्यांदा जगज्जेती झाली. आता ती २६ वर्षांची होऊन त्याच सभागृहात परत आली होती. सिमोन बाइल्स.

रविवार, १ ऑक्टोबर

सेंट्रल स्टेशनखालून भुयारी ट्राम निघते आणि स्पोर्टपालाइसला नेऊन सोडते. वेगळं तिकीट काढायची गरज नाही, बँकेचं कार्ड यंत्राला टेकवलं की झालं. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, त्यामुळे खायचं काही हवं असेल तर शनिवारीच घेऊन ठेवा. आम्हाला दादाने बजावलं होतं म्हणून वाचलो.

सभागृह १९३३चं, मुळात सायकल शर्यतींसाठी बांधलेलं. आत शिरल्यावर पहिली जाणीव होते ती आवाजाची. टीव्हीवर फ्लोअरचा आवाज येतच नाही. प्रत्यक्षात १२ बाय १२ मीटरच्या त्या चौकोनाखाली स्प्रिंगा असतात आणि मुलीने टंबलिंगच्या शेवटी पाय टेकवला की ढोलावर थाप पडावी तसा 'धम्म' आवाज वरच्या रांगेपर्यंत येतो. त्यात बार्सचा करकर आवाज, कोचच्या टाळ्या, आणि एकाच वेळी चार साधनांवर चाललेल्या चार वेगवेगळ्या गोष्टी. कुठे बघायचं ते ठरवेपर्यंत पहिला अर्धा तास गेला.

शेजारच्या खुर्चीवर एक डच आजी होत्या. निवृत्त पंच. मांडीवर वही, हातात पेन्सिल, आणि नजर वर ठेवूनच त्या जिम्नॅस्टिक्सच्या चिन्हलिपीत संपूर्ण रचना उतरवून घ्यायच्या. पंच प्रत्येक कौशल्यासाठी एक खूण वापरतात, तीच लिपी. २०१३लाही त्या इथेच बसल्या होत्या म्हणे.

मग अमेरिकेचा संघ व्हॉल्टवर आला. बाइल्स जी उडी मारणार होती ती युर्चेंको डबल पाइक. पळत येऊन राउंडऑफ (हातांवरून अंग वळवत घेतलेली कोलांटी), स्प्रिंगबोर्डवरून उलटी मागे झेप, हात टेबलावर, आणि तिथून पाय सरळ ठेवून हवेत दोन पूर्ण कोलांट्या. पाय दुमडले तर अंग लवकर फिरतं. सरळ ठेवले तर फिरायला उंची लागते, वेळ लागतो, आणि थोडं कमी पडलं तर माणूस मानेवर येतो. जागतिक स्पर्धेत किंवा ऑलिंपिकमध्ये तोवर एकाही बाईने ही उडी मारलेली नव्हती.

वहिनीने दुर्बीण डोळ्याला लावली आणि विचारलं, "तो माणूस तिथे गादीवर कशाला उभा आहे? मध्ये नाही का येणार?"

तो तिचा कोच लॉराँ लांडी. लँडिंगच्या गादीपाशी, हात तयार ठेवून. मी सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात बाइल्स पळाली. टेबलावरून ती जितकी वर गेली ते बघून आमच्या रांगेतलं कोणीतरी नुसतं "ओह" म्हणालं. पाय टेकले, उडीच्या जोराने थोडी मागे सरकली, उभी राहिली. सभागृह उठलं. लांडीने हातही लावला नव्हता.

गुण आले १५.२६६. आजींनी लगेच वहीवर बोट ठेवलं. कोच तिथे उभा होता म्हणून अर्धा गुण कापला होता. म्हणजे तो नसता तर १५.७६६. वहिनी चिडलीच. "न पकडता? नुसता उभा राहिला म्हणून?" आजी हसल्या. म्हणाल्या, नियम तसाच आहे. सोबत हवी असेल तर अर्धा गुण मोजायचा. त्यांनी तो मोजायचा असं ठरवूनच आणलंय.

हे ऐकून मी पुढच्या दोन मुलींच्या उड्या नीट बघितल्याच नाहीत. टोकियोत २०२१ साली याच मुलीला हवेत असताना आपण कुठे आहोत हेच कळेनासं झालं आणि तिने स्पर्धेतून माघार घेतली, तेव्हा किती जणांनी किती काय काय म्हटलं होतं. दोन वर्षं ती स्पर्धांपासून लांब होती. परत आली ती जगातली सगळ्यात अवघड उडी घेऊन, आणि सोबत माणूस उभा करून. डी-स्कोअर ६.४ असलेली ही उडी आता नियमावलीत बाइल्सच्याच नावाने आहे, व्हॉल्टवरची तिच्या नावाची दुसरी.

*नव्याने बघणाऱ्यांसाठी :* प्रत्येक गुणसंख्येत दोन आकडे असतात. डी म्हणजे काय केलं आणि ते किती अवघड. याला वरची मर्यादा नाही. ई म्हणजे कसं केलं. ते १०पासून सुरू होतं आणि वाकलेला गुडघा, उघडलेले पाय, लँडिंगची पावलं असं करत कमी होत जातं. लहान पाऊल ०.१, मोठं ०.३, पडलात तर पूर्ण १. कोच उभा राहणं, फ्लोअरच्या रेषेबाहेर जाणं या वजावटी शेवटी वेगळ्या. एवढं माहीत असलं की फळ्यावरचा निकाल गोष्टीसारखा वाचता येतो.

सोमवार, २ ऑक्टोबर

पात्रता फेरीचा दुसरा दिवस. सभागृह अर्धं रिकामं, आणि माझ्या मते संपूर्ण आठवड्यातला बघण्याचा सगळ्यात चांगला दिवस. अंतिम फेरीची तिकिटं महाग आणि दुर्मीळ, पात्रतेची सहज मिळतात. शिवाय पात्रतेत जगभरच्या मुली दिसतात. एकटीच आलेली एखादी, तिच्या देशाचा झेंडा कोचच्या पाठीवर आणि तिसरं कोणीच नाही.

मला बघायचा होता तो सराव. बीम किंवा फ्लोअरवर जाण्याआधी प्रत्येकीला जेमतेम तीस सेकंद मिळतात. आमच्याकडची मुलं अशा वेळी अख्खी रचना कोंबायला बघतात आणि दमून उभी राहतात. इथे दुर्बिणीतून बघितलं तर बीमवर एक मुलगी चढली, एकच उडी मारली, डिस्माउंटच्या (शेवटी उतरायच्या उडीच्या) दोन पावलांचा ठेका धरला आणि उतरली. बास. दुसरी बार्सच्या रांगेत डोळे मिटून उभी होती आणि तिचे हात हवेत पूर्ण रचना करत होते, पकड बदलण्यासकट. तिसरीच्या कोचने टेप काढून स्प्रिंगबोर्ड ते टेबल अंतर मोजलं, बोर्ड दोन बोटं मागे ओढला, परत मोजलं. मुलीने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याने मोजलंय म्हणजे बरोबर असणार.

संध्याकाळपर्यंत पॅरिस ऑलिंपिकचे नवे नऊ संघ ठरायचे होते. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा आदल्या वर्षीच पात्र ठरले होते. रोमानियाच्या मुलींनी जागा मिळवली, २०१२ नंतर पहिल्यांदा. ज्या देशाच्या नावाशिवाय एके काळी या खेळाचा निकालच पूर्ण व्हायचा नाही, तो रिओतही संघ म्हणून नव्हता आणि टोकियोतही नव्हता. आजींनी वही मिटली आणि पर्समधून रुमाल काढला. मी दुसरीकडे बघितलं. यजमान बेल्जियमच्या मुलींना मात्र संघ म्हणून तिकीट मिळालं नाही. ट्राममध्ये परत येताना काळ्या-पिवळ्या-लाल रंगात गाल रंगवलेली दोन लहान मुलं आईच्या मांडीवर झोपलेली होती.

मंगळवार, ३ ऑक्टोबर

सामना संध्याकाळी, म्हणून दिवसा शहर. हवा स्वच्छ होती, स्वेटर कमरेला बांधून फिरलो. शेल्ट नदीखालून चालत जायचा भुयारी रस्ता आहे, सिंट-आनाटनेल, तोही १९३३चा. अर्ध्या किलोमीटरहून जास्त लांब, पांढऱ्या टाइल्स, आणि खाली उतरायला अजूनही मूळचे लाकडी सरकते जिने, जे चढता-उतरताना जुन्या झोपाळ्यासारखे कुरकुरतात. पैसे पडत नाहीत. पलीकडून शहराचा देखावा छान दिसतो.

ग्रोटे मार्क्टच्या चौकात ब्राबोचा पुतळा आहे. राक्षसाचा हात तोडून नदीत भिरकावणारा वीर. म्हणून इथली बिस्किटंसुद्धा हाताच्या आकाराची. वहिनीने मुलांसाठी डबा घेतला आणि म्हणाली, "तुझ्या पोरांना चॉकवाले हात म्हणून सांग."

खाण्याबद्दल एक सूचना. इथले कागदी कोनातले बटाट्याचे तळलेले काप, फ्रिटन, अप्रतिम असतात, पण परंपरेने ते बैलाच्या चरबीत तळतात. अजूनही बऱ्याच ठिकाणी. ज्यांना चालत नाही त्यांनी आधी विचारा. वनस्पती तेल वापरणारी दुकानंही आहेत आणि कोणी विचारलं तर रागावत नाहीत. हॉटेलात साधं पाणी फुकट मिळेल असं धरून चालू नका. सार्वजनिक स्वच्छतागृहासाठी खिशात नाणी ठेवा.

संध्याकाळी पुरुषांची सांघिक अंतिम फेरी. जपानने सुवर्ण घेतलं, २०१५ नंतर पहिल्यांदा. चीन दुसरा, अमेरिका तिसरी. पण मला आठवतात ते पॅरलल बार्सजवळचे कोच. एकाच्या हातात मधाची बाटली होती. खरा मध. बारवर मधाचा हात फिरवायचा, वर चॉकची पूड चोळायची, मग ब्रश, परत चॉक. पकड चिकट व्हावी म्हणून. प्रत्येक मुलाची आवड वेगळी, त्यामुळे एक उतरला की दुसऱ्याचा कोच सगळं खरवडून नव्याने सुरू. वहिनी दुर्बिणीतून हे सगळं बघत होती. शेवटी म्हणाली, "उड्या मारणाऱ्यांपेक्षा हा पोळ्या लाटल्यासारखं काम करणाराच मला जास्त आवडला."

बुधवार, ४ ऑक्टोबर

आजचा दिवस जरा सविस्तर लिहिते.

महिलांची सांघिक अंतिम फेरी. नियम निर्दयी आहे. प्रत्येक साधनावर तिघी, आणि तिघींचेही गुण धरायचे. एक पडली तर झाकायला चौथी नाही. अमेरिकेची सुरुवात व्हॉल्टवर. सरावाच्या उड्या चालू होत्या. मी नेहमीप्रमाणे तिकडेच बघत होते. जॉसलिन रॉबरसन उतरली ती चुकीची. घोटा. ती उठली, पण त्या पायावर भार टाकता येईना. तिला आधार देऊन बाहेर नेलं. सभागृहात बऱ्याच लोकांना कळलंसुद्धा नाही, कारण संगीत चालू होतं आणि सामना अजून सुरूच झालेला नव्हता.

आता बघण्यासारखी गोष्ट पुढची. लिअन वाँग तिच्या जागी येणार. तिला तयारीला वेळ किती, तर जवळजवळ नाहीच. एका बाजूला मैत्रिणीला उचलून नेतायत आणि दुसऱ्या बाजूला ही पायाच्या पट्ट्या नीट करतेय. ती धावली, उडी मारली, उतरली. चेहऱ्यावर काही नाही. राखीव खेळाडूचा सराव कसा घ्यायचा, यावर मी बरंच काही वाचलंय. यापुढे मुलांना ही पाच मिनिटं सांगेन.

आणि बाइल्स? रविवारची ती उडी तिने आज काढलीच नाही. चेंग नावाची दुसरी उडी मारली. तीही अवघडच, पण डबल पाइकपेक्षा सोपी. संघाला जिंकायला तेवढी पुरत होती. मैत्रीण नुकतीच डोळ्यासमोर जायबंदी झालेली असताना हा निर्णय टिकवणं, किंवा आधीच ठरवलेला असला तरी त्यावर ठाम राहणं, मला त्या दिवसाचं सगळ्यात मोठं कौशल्य वाटलं. वहिनीने शांतपणे विचारलं, "म्हणजे येतं ते सगळं दाखवायचं नसतं?" मी म्हटलं, नसतं. म्हणाली, "पक्षीही नाही दाखवत."

अमेरिकेने सलग सातव्यांदा सुवर्ण घेतलं, पण रात्र ब्राझीलची होती. आमच्या मागच्या रांगांमध्ये पिवळ्या जर्सीतले वीसेक जण ढोल घेऊन आले होते, आणि बीम सुरू असताना ते ढोल बंद ठेवायचं भानही त्यांना होतं. ब्राझीलला रौप्य. महिला संघाचं त्यांचं पहिलंच जागतिक पदक. त्या संघात जादे बार्बोझा होती, ३२ वर्षांची. तिने २००७ साली श्टुटगार्टला वैयक्तिक सर्वंकष (सगळ्या साधनांचे गुण मिळून) कांस्य घेतलं होतं. सोळा वर्षांनी संघासोबत पदक. कांस्य फ्रान्सला, १९५० नंतरचं त्यांचं पहिलं सांघिक पदक. फ्रेंच मुली रडत होत्या, ब्राझीलच्या नाचत होत्या. ढोलवाल्यांपैकी एका बाईने वहिनीच्या हातात टिपरी दिली. वहिनीने लेझीमचा ठेका धरला, आणि त्यांना तो चालला!

रात्री ट्रामला तुडुंब गर्दी होती, म्हणून चालतच निघालो. थोडा पाऊस आला. कोणालाच पर्वा नव्हती.

गुरुवार आणि शुक्रवार, ५ आणि ६ ऑक्टोबर

सर्वंकष अंतिम फेऱ्या. गुरुवारी पुरुष : हाशिमोतो दाइकीने सलग दुसऱ्यांदा सुवर्ण मिळवलं. युक्रेनचा इलिया कोव्हतुन दुसरा. युद्ध चालू असताना या मुलांनी सराव कुठे आणि कसा केला असेल, हा विचार त्याच्या प्रत्येक साधनावर मनात येत राहिला. तिसरा अमेरिकेचा १९ वर्षांचा फ्रेड रिचर्ड. त्याला लँडिंगनंतर प्रेक्षकांकडे बघून हसायची इतकी घाई असते, की पंचांना सलामी द्यायची आठवण ठेवावी लागत असणार.

शुक्रवारी बाइल्स, रेबेका आंद्राजे, शिलीज जोन्स. या क्रमाने. तिघी कृष्णवर्णीय मुली सर्वंकष पदकांच्या मंचावर एकत्र, जागतिक स्पर्धेत पहिल्यांदा. व्हॉल्टवर बाइल्सने आजही चेंगच मारली. ५८.३९९ गुण, दुसरीहून दीड गुणांपेक्षा जास्त पुढे. इतकी आघाडी असताना धोका घ्यायचा कशाला, हे गणित आजींनी मला वहीत मांडून दाखवलं. त्यांच्या मते या खेळात लोक पराक्रम मोजतात आणि पंच नेमकं उलटं मोजतात, काय टाळलं ते. मला हे पूर्ण पटलं नाही. आंद्राजेच्या फ्लोअरला ते लागू होत नाही. तिथे ती काही टाळत नसते, ती नाचत असते.

*आसनांबद्दल :* सगळ्यात पुढची खुर्ची घेऊ नका. खालून बघितलं की एका साधनामागे दुसरं लपतं आणि कॅमेरावाले मध्ये येतात. थोडी वरची, व्हॉल्टच्या लँडिंगच्या बाजूची घ्या. दुर्बीण असलीच पाहिजे. दरवाजे उघडल्या उघडल्या आत जा, कारण सराव तिकिटातच धरलेला असतो.

शनिवार, ७ ऑक्टोबर

साधनांच्या अंतिम फेऱ्या. पॉमेल हॉर्सवर (हातांवर तोल सांभाळून पाय गोल फिरवायचं साधन) आयर्लंडच्या रीस मॅकलेनघनने सुवर्ण राखलं. माझ्या दृष्टीने हे जगातलं सगळ्यात अन्यायकारक साधन. तुम्ही जितकं सुंदर कराल तितकं सोपं दिसतं आणि लोक चिप्स खात बसतात.

महिलांच्या व्हॉल्टला मात्र कोणी चिप्स खाल्ल्या नाहीत. अंतिम फेरीत दोन उड्या, दोन्ही वेगळ्या, आणि त्यांची सरासरी. बाइल्सने आज डबल पाइक आणली. उंची मिळाली, फेरे पूर्ण झाले, पण जोर जास्त झाला. पाय टेकल्यावर ती मागे गेली, लोळण घेतली आणि उभी राहिली. एक गुण गेला. वहिनीचा हात माझ्या दंडावर. मी मात्र तिची लोळण बघत होते. ज्या मुलाला मागे जाताना हात ताठ करून टेकवायची सवय असते त्याचं मनगट किंवा कोपर जातं. म्हणून आम्ही पहिल्या आठवड्यापासून एकच घोकून घेतो : हनुवटी छातीला, पाठ गोल, आणि जाऊ दे. मुलांना ते कंटाळवाणं वाटतं, त्यांना कोलांटी हवी असते. पालकांना तर वाटतं आम्ही वेळ काढतोय.

पडूनसुद्धा तिला १४.५४९ गुणांसह रौप्य मिळालं. डी-स्कोअर इतका मोठा असला की पडण्याचीही सोय होते. सुवर्ण आंद्राजेला, १४.७५०. कांस्य दक्षिण कोरियाच्या यो सो-जोंगला. तिचे वडील यो होंग-चोल यांनी १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टचंच रौप्य घेतलं होतं. हे मी वहिनीला सांगितलं तर तिचा प्रश्न : "म्हणजे घरी जेवताना काय बोलत असतील गं?"

व्हॉल्ट म्हटलं की आपल्याला दीपा कर्माकर आठवणारच. रिओ २०१६, प्रोडुनोव्हा ही पुढच्या दिशेने दोन कोलांट्यांची धोक्याची उडी, चौथा क्रमांक, १५.०६६ गुण. कांस्य जिला मिळालं तिचे १५.२१६. दीडदशांश गुणाचा फरक. त्या रात्री मी जागी होते. ती उडी मी आजवर एकाही विद्यार्थ्याला हौसेने दाखवलेली नाही, आणि दीपाबद्दल जेवढा अभिमान आहे तेवढाच हा निर्णयही पक्का आहे.

अनइव्हन बार्सला (कमी-जास्त उंचीच्या दोन दांड्यांचं साधन) आमच्या डावीकडे एक फ्रेंच कुटुंब होतं, आणि ते ओरडत होतं अल्जीरियासाठी. केलिया नेमूर फ्रान्समध्ये जन्मली, तिथेच वाढली. फ्रेंच महासंघाशी वाद झाल्यावर ती वडिलांच्या देशाकडून, अल्जीरियाकडून खेळू लागली. चीनच्या छ्यू छीयुआनला सुवर्ण, नेमूरला रौप्य, आणि आफ्रिका खंडाचं हे जागतिक स्पर्धेतलं पहिलं पदक. फळ्यावर नाव आलं तेव्हा त्या कुटुंबातली आई उभी राहिली आणि नवरा म्हणाला, "बस, बस." ती बसली नाही.

रविवार, ८ ऑक्टोबर

शेवटचा दिवस पटकन गेला. बीम आणि फ्लोअर, दोन्हींवर बाइल्सला सुवर्ण. फ्लोअरला आंद्राजे दुसरी, फ्लाव्हिया साराय्वा तिसरी, म्हणजे ढोलवाल्यांना शेवटपर्यंत काम होतं. पुरुषांच्या व्हॉल्टवर ब्रिटनचा जेक जार्मन, पॅरलल बार्सवर जर्मनीचा लुकास दाउझर, हाय बारवर हाशिमोतो.

बीमच्या वेळी वहिनीने दुर्बीण माझ्याकडे दिलीच नाही. बीम दहा सेंटिमीटर रुंद, सव्वा मीटर उंच. मुली चढण्याआधी त्यावर चॉकने बारीक खुणा करतात, पाय कुठे ठेवायचा त्या. वहिनीने हे स्वतःच शोधून काढलं. कुठल्या मुलीची खूण कुठे आहे आणि पुढची मुलगी आधीच्या मुलीची खूण पुसते की नाही, याची तिने यादीच केली. बहुतेक जणी पुसतात. एकीने पुसली नाही, वरून स्वतःची केली, आणि तिचा तोल तिथेच गेला. योगायोग असेल. वहिनी म्हणते नसेल.

आजींचा निरोप घेतला. त्यांनी वहीतलं एक पान फाडून दिलं, पेन्सिलीतल्या चिन्हांचं. बाइल्सची पहिल्या रविवारची उडी. चिन्हाच्या शेजारी छोट्या अक्षरात उणे ०.५. सही मागितली तर म्हणाल्या, मी कशाला सही करू, मी उडी नाही मारली.

सोमवार, ९ ऑक्टोबर

दादा घ्यायला यायच्या आधी दोन तास हातात होते. स्टेशनजवळच्या थाळीवाल्या काकांकडे चहा घेतला. त्यांनी निकाल विचारला. सगळी नावं सांगितली. त्यांना एकच आठवलं, ज्या मुलीचा कोच गादीवर उभा होता ती. टीव्हीवर बघितलं होतं. "अर्धा गुण कापतात म्हणे? मग दर वेळी उभा राहायला काय हरकत आहे?"

परत आल्यावर वर्गात दोन बदल केले. स्पर्धेआधीच्या सरावाला घड्याळ लावून तीस सेकंद. आणि मागे लोळण घ्यायचा सराव पहिल्याच आठवड्यात संपत नाही, वर्षभर दर तासाला पाच मिनिटं चालतो. मोठ्या मुलांनी तक्रार केली. त्यांच्यासाठी व्हॉल्टचा व्हिडिओ तयार ठेवलाय, शनिवारचा. वहिनीने पुढच्या स्पर्धेच्या तारखा विचारल्यात, आणि या वेळी दुर्बिणी दोन आणायच्या आहेत.